राखेचा रस्ता आणि आगोटीची बेगमी

दापोलीहून किनाऱ्याकिनाऱ्याने दाभोळकडे जाताना बुरोंडी गाव लागते. येथे पृथ्वीचे प्रतीक असलेल्या एका भल्या मोठ्या अर्धगोलावर परशुरामाचा पुतळा उभा आहे. सागराला मागे हटवून परशुरामाने कोकणची भूमी निर्माण केली, ही कथा कोकणातल्या मुलांनी आजीच्या तोंडून ऐकलेली असते. जमीन कशी वर आली, याची ती कथा. त्याच गावात बसून जमीन कशी संपली याची कथा वाचावयास घेतली, तर त्या वाचनाला निराळीच धार येते. कॉर्मॅक मॅकार्थी या अमेरिकी लेखकाची ‘द रोड’ ही कादंबरी मी अशी वाचली, आणि ती केवळ परक्या देशातील कल्पित गोष्ट राहिली नाही. या किनाऱ्याने २०२० साली जे भोगले, त्याचा अर्थ लावण्यास ती उपयोगी पडली. तो अर्थ वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

‘द रोड’ २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. २००७ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि २००९ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. मॅकार्थी यांचे १३ जून २०२३ रोजी निधन झाले. कादंबरीचे कथानक चार ओळींत सांगता येते. काही वर्षांपूर्वी एक महाभयंकर उत्पात घडून गेला आहे. तो कोणता, हे लेखक सांगत नाही. सूर्य राखेच्या ढगांआड गेला आहे. झाडे वठली आहेत, पशुपक्षी नाहीसे झाले आहेत, शेतात काही उगवत नाही. एक बाप आणि त्याचा लहान मुलगा दुकानातली एक ढकलगाडी घेऊन दक्षिणेकडे, समुद्राकडे चालत निघाले आहेत. दोघांनाही नावे नाहीत. गाडीत पांघरुणे, ताडपत्री आणि कुठे कुठे सापडलेले डबाबंद अन्न. बापाजवळ एक पिस्तूल आहे आणि त्यात मोजून दोन गोळ्या. वाटेत माणसांच्या टोळ्या आहेत आणि त्यांतल्या काही माणसेच खाऊन जगत आहेत.

अशा लेखनाला इंग्रजीत ‘डिस्टोपिया’ म्हणतात. टॉमस मोर याने १५१६ मध्ये ‘युटोपिया’ नावाचे एक आदर्श बेट कल्पिले. त्या मनोराज्याच्या उलट, जेथे सर्व काही बिघडलेले आहे अशा जगाचे चित्रण म्हणजे डिस्टोपिया. १८६८ मध्ये जॉन स्टुअर्ट मिल याने ब्रिटिश पार्लमेंटमधील भाषणात या अर्थाचा शब्द वापरल्याचे नमूद आहे. या प्रकारातल्या काही कादंबऱ्या जुलमी राजवटीच्या असतात. ऑर्वेलची ‘१९८४’ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. काही मात्र राजवटच उरली नाही, अशा काळाच्या असतात. तेथे एकच प्रश्न असतो : आज जगायचे कसे? ‘द रोड’ या दुसऱ्या जातीची आहे.

कोकणच्या माणसाला ही कल्पना अगदीच अपरिचित नाही. आपल्या भाषेत तिला जुना शब्द आहे, जगबुडी. शेजारच्या खेड तालुक्यातल्या नदीचे नावच जगबुडी आहे. बुरोंडीच्या दक्षिणेला असलेले दाभोळ हे एके काळी पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे गजबजलेले बंदर होते. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेडा याने ते जाळून लुटले आणि तेथे भयंकर कत्तल केली. पुढे १५२४ मध्ये वास्को द गामाचे आरमार दाभोळच्या समुद्रात असताना पाणी एकाएकी हादरू लागल्याची नोंद पोर्तुगीज बखरकारांनी केली आहे. उत्तरेला केळशीच्या वाळूच्या टेकडीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांना जे थर आढळले, त्यांचा संबंध त्यांनी त्या काळच्या त्सुनामीशी जोडला. या किनाऱ्यावर जग एकदाच संपलेले नाही. ते संपले आणि पुन्हा सुरू झाले.

‘द रोड’मध्ये मात्र ते पुन्हा सुरू होण्याचे चिन्ह दिसत नाही. याची सर्वांत विदारक जाणीव होते ती समुद्राच्या प्रसंगात. बाप आणि मुलगा अखेर किनाऱ्यावर पोहोचतात. मुलाच्या मनात निळा समुद्र असतो. समोर असतो तो राखाडी, निर्जीव पाण्याचा विस्तार. बापाला मुलाची क्षमा मागावीशी वाटते. महानगरातला वाचक या प्रसंगाने खिन्न होईल. मच्छीमारांच्या गावातला वाचक हबकून जाईल. येथे समुद्र हे दृश्य नसून शेत आहे. पावसाळी बंदीचे दोन महिने संपले की होड्या पुन्हा पाण्यात जातील, याच हिशेबावर घराघरातले व्यवहार चालतात. समुद्र आहे आणि त्यात काही नाही, ही कल्पना येथे मृत्यूहून भयंकर वाटते.

तथापि या कादंबरीचे खरे मर्म उपासमारीत वा राखेत नाही. बापलेकांना वाटेत जे परके भेटतात, त्यांच्याशी दोघे कसे वागतात, यात ते आहे.

प्रथम त्यांना वीज पडून होरपळलेला एक मनुष्य दिसतो. मुलगा मदत करू म्हणतो. बाप नाही म्हणतो, आणि ते पुढे जातात. पुढे एक जराजर्जर म्हातारा भेटतो. मुलाच्या हट्टाखातर बाप त्याला जेवू घालतो, पण सोबत घेत नाही. तिसरा प्रसंग समुद्रकिनाऱ्यावरचा. एक उपाशी चोर त्यांची गाडी पळवतो. बाप त्याला गाठतो आणि पिस्तुलाच्या धाकाने त्याच्या अंगावरचे कपडेही काढून घेतो. मुलगा रडतो, विनवतो. शेवटी ते परत जाऊन ते कपडे रस्त्यावर ठेवतात, पण तोवर तो मनुष्य दिसेनासा झालेला असतो.

बापाचे काही चुकते, असे वाचकाला म्हणता येत नाही. त्याच्या जागी आपण असतो तर हेच केले असते. मुलाला जगवायचे तर प्रत्येक परक्याकडे शत्रू म्हणून पाहणे, हा त्याचा नियम आहे आणि त्या नियमाने मुलगा जगतोही. पण कादंबरीच्या अखेरीस बाप मरण पावतो. मुलगा एकटा उरतो आणि एक अनोळखी मनुष्य त्याच्यासमोर येऊन उभा राहतो. त्याच्यासोबत त्याची बायको आणि दोन मुले आहेत. ते कुटुंब या पोरक्या मुलाला आपल्यात घेते. आता वाचकाने विचार करावा : त्या मनुष्याने बापाचाच नियम पाळला असता तर? परक्याला टाळावे, आपले अन्न आपल्यापुरते ठेवावे, असे त्यानेही ठरवले असते, तर ज्या मुलासाठी बापाने सारे जन्मभर सोसले, तो रस्त्यावरच संपला असता. बापाच्या नियमाने मुलगा शेवटच्या दिवसापर्यंत पोहोचतो. त्यापुढे त्याला नेतो तो मुलाचा नियम. सारी कादंबरी या एका पेचाभोवती उभी आहे.

हा पेच बुरोंडीसारख्या गावांसमोर २०२० च्या उन्हाळ्यात प्रत्यक्ष उभा राहिला, आणि तोही दोन वेगवेगळ्या रूपांत.

पहिले रूप साथीचे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि मुंबईतले चाकरमानी गावाकडे येऊ लागले. एरवी शिमग्याला आणि गणपतीला ज्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसायचे, तेच आता नकोसे झाले. कोकणात आणि राज्यात अन्यत्रही अनेक गावांनी वेशीवर दगड आणि झाडांचे ओंडके टाकून रस्ते अडवले. आलेल्यांना शाळांमधून विलगीकरणात ठेवण्यात आले. काही ठिकाणी गावकऱ्यांनी त्यांची जेवणाखाणाची व्यवस्था आपुलकीने केली. काही ठिकाणी सख्ख्या घरातल्यांनीही दार लोटून घेतले. ज्यांच्या मनिऑर्डरवर पिढ्यान् पिढ्या घरे चालली, त्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले. रस्ता अडवणारे दुष्ट नव्हते. गावात वृद्ध माणसे होती, जवळ मोठे रुग्णालय नव्हते. त्यांची भीती खरी होती. ‘द रोड’मधल्या बापाचीही भीती खरीच आहे.

दुसरे रूप वादळाचे. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. रत्नागिरी जिल्ह्यात दापोली आणि मंडणगड या तालुक्यांना सर्वाधिक फटका बसला. कौले आणि पत्रे उडाले, माड आणि पोफळी आडव्या झाल्या, आंब्याची जुनी कलमे मुळासकट उपटली गेली. विजेचे खांब कोसळले, मोबाइलचे मनोरे मुके झाले. कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. बँकेत पैसे असूनही हातात येत नव्हते. मुंबईतल्या मुलाला गावातले आईवडील जिवंत आहेत की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. जग संपल्याचे जे वर्णन कादंबरीकार करतात, त्याचे सारे साहित्य येथे जमलेले होते.

आणि तरीही तसे घडले नाही. यंत्रणा पोहोचण्याआधी गावकऱ्यांनीच कोयते आणि कुऱ्हाडी घेऊन रस्ते मोकळे केले. ज्याच्या घरावर छप्पर उरले, त्याच्या पडवीत इतरांच्या चुली पेटल्या. कालपर्यंत हातभर अंतर राखून बोलणारे लोक एकाच ताडपत्रीला चार बाजूंनी धरून उभे राहिले. ज्या शाळांमधून माणसांना वेगळे ठेवले जात होते, तशा अनेक शाळांची छपरे वाऱ्याने उचलून नेली. वेगळे राहण्याला जागाच उरली नाही, असे म्हणावे लागेल.

एकाच ऋतूत तीच माणसे इतकी वेगळी का वागली? याचे उत्तर शोधताना आपत्तींचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांचे काम उपयोगी पडते. अमेरिकेत १९६३ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठात आपत्ती संशोधन केंद्र स्थापन झाले. एन्रिको क्वारंटेली हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. भूकंप, पूर, वादळे यांनंतर माणसे नेमकी कशी वागतात याची पाहणी या केंद्राने वर्षानुवर्षे केली. भीतीने सैरावैरा पळणे आणि लुटालूट ही चित्रपटात दिसतात तितकी प्रत्यक्षात आढळत नाहीत. बहुतेक ठिकाणी पहिली मदत शेजाऱ्यांकडूनच येते, हा त्यांचा निष्कर्ष. मात्र पुढच्या अभ्यासकांनी त्यात एक महत्त्वाची भर घातली. संकट डोळ्यांना दिसत नसेल, म्हणजे विषारी रसायन, किरणोत्सर्ग किंवा दूषित पाणी, तर समाज एकत्र येण्याऐवजी आतून कुरतडला जातो. कोण बाधित, कोण सुरक्षित हे ठरवता येत नाही आणि संशय वाढत जातो. वादळ सर्वांच्या डोळ्यांदेखत येते आणि जाते. रोग शेजाऱ्याच्या श्वासातून येतो. वादळात शेजारी हा आधार असतो, साथीत तोच धोका ठरतो.

‘द रोड’मधील जग हे असे साथीसारखे जग आहे. तेथे रोग नाही, पण प्रत्येक माणूस दुसऱ्याला धोका आहे. या जातीच्या कादंबऱ्या वाचताना हा भेद ध्यानी ठेवला पाहिजे. विल्यम गोल्डिंग यांच्या १९५४ च्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’मध्ये निर्जन बेटावर अडकलेली शाळकरी मुले हिंस्र बनतात. माणूस मुळात असाच, असा धडा त्यातून अनेकांनी घेतला. पण १९६५ मध्ये टोंगा देशातील सहा शाळकरी मुले खरोखरच अशा एका ओसाड बेटावर अडकली. आटा हे त्या बेटाचे नाव. १९६६ मध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन दर्यावर्दीने त्यांची सुटका केली, तोवर सव्वा वर्ष ती तेथे राहिली होती. त्यांनी कामाच्या पाळ्या लावल्या होत्या, चूल विझू दिली नव्हती, आणि एकाचा पाय मोडला तेव्हा तो बांधून त्याची कामे वाटून घेतली होती. यावरून गोल्डिंग खोटे ठरत नाहीत. टोंगाची मुले एकमेकांना आधीपासून ओळखत होती आणि त्या बेटावर खायला काही ना काही मिळत होते, हे विसरता येणार नाही.

मराठीतही जगण्याच्या झगड्याची थोर कादंबरी आहे आणि तिच्यातला शेवट या साऱ्यांहून निराळा आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली. माणदेशातली धनगरांची वाडी, तेथे आलेला तरुण शिक्षक, सर्वांनी मिळून बांधलेली तालीम आणि मग पडलेला दुष्काळ. पाऊस नाही, चारा नाही. तेव्हा बनगरवाडी एकमेकांच्या उरावर बसत नाही; ती मेंढरे घेऊन निघून जाते. वाडी ओस पडते. आपल्या मुलखातला जगाचा शेवट बहुधा असाच असतो. त्यात आरडाओरडा नसतो. कोकणातली कुलपे लागलेली घरे पाहिली की याची खात्री पटते. वादळाने पडलेले घर पुन्हा उभारता येते; ज्या घरात दिवा लावायला कोणी उरले नाही, ते कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

मग अशा कादंबरीतून आपण घ्यायचे काय? माझ्या मते दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत.

पहिली बेगमीची. ‘द रोड’मध्ये एका प्रसंगी उपासमारीने मरणाच्या दारी पोहोचलेल्या बापलेकांना जमिनीखाली बांधलेली एक कोठडी सापडते. तीत डबाबंद अन्न, पाणी, दिवे, सारे रचून ठेवलेले आहे. ज्याने ते जमवले, तो मात्र नाही. त्याचा साठा त्याच्या कामी आला नाही. कोकणातल्या घरात आगोटीच्या आधी जी बेगमी होते, तिच्याशी याची तुलना करावी. सुके बोंबील, सोडे, जवळा, आमसुले, कुळीथ, आठळ्या, मीठ, कांदे, लाकूडफाटा. चार महिने पावसात बाहेर पडता येणार नाही, हे गृहीत धरून केलेली ही तरतूद आहे. पण ती तळघरात लपवलेली नसते. कोणाकडे काय आहे, हे साऱ्या वाडीला ठाऊक असते, आणि अडीनडीला वाटीभर उसने मागण्यात कमीपणा नसतो. निसर्ग वादळ नेमके आगोटीच्या तोंडावर आले. वीज गेली, दुकाने बंद पडली, तरी ज्या घरात जुनी रीत टिकून होती, तेथे चूल पेटत राहिली. साठा माणसाला एकटे पाडतो. बेगमी वाडीला धरून ठेवते. फ्रिज आणि महिन्याचा किराणा यांवर विसंबलेल्या पिढीने हा भेद विसरू नये.

दुसरी गोष्ट विस्तवाची. कादंबरीतला बाप मुलाला सांगत असतो की आपण अग्नी जपून नेत आहोत. समीक्षकांनी त्याचे अनेक अर्थ लावले आहेत. आपल्या जुन्या माणसांना त्याचा अर्थ सांगावा लागला नसता. चूल विझली की शेजारच्या घरून गोवरीवर विस्तव मागून आणण्याची रीत खेड्यापाड्यांत होती. विस्तव एका घरात जपला तर तो वाडीत जपला जाई. ज्याच्याशी बांधावरून भांडण आहे, त्याच्याही दारात विस्तवासाठी जावे लागे. आगपेटी आली आणि ही गरज संपली, हे बरेच झाले. पण त्याबरोबर शेजाऱ्याच्या दारात जाण्याचे एक कारणही संपले.

‘द रोड’ वाचून मिटल्यावर एक दिलासा मात्र मनात राहतो, आणि तो कादंबरीबाहेरचा आहे. तेथे राखेत काही रुजत नाही. येथे रुजते. ३ जूनला पडलेल्या माडांच्या जागी नवी रोपे लावली गेली. नारळाला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, पोफळीलाही जवळपास तेवढीच. हापूसचे जुने कलम जे उत्पन्न देत होते, तेथवर पोहोचायला त्याहून अधिक. राज्य सरकारने त्या वेळी फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार रुपये केली, ती आवश्यकच होती. तथापि झाड मोठे होण्याचा काळ कोणत्याही निर्णयाने कमी होत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ याच किनाऱ्यासमोरून गेले, तेव्हा आदल्या वर्षीची रोपे जेमतेम उभी राहिली होती. पुढचे वादळ केव्हा येईल हे सांगता येत नाही. ते येईल, एवढे सांगता येते.

ते आले म्हणजे माणसे पुन्हा धावून येतील, याविषयी फारशी शंका नाही. शंका आहे ती न दिसणाऱ्या संकटाविषयी. पुन्हा एखादी साथ येईल, पाणी दूषित होईल किंवा केवळ अफवा पसरेल, तेव्हा वेशीवर ओंडका टाकायचा की पाणी आणि जेवण घेऊन उभे राहायचे, हे त्या क्षणी ठरवणे कठीण असते. ग्रामसभेत, शाळेत, वाडीच्या बैठकीत ते आधी बोलून ठेवता येते. आलेल्यांना कोठे उतरवायचे, त्यांच्या जेवणाची जबाबदारी कोणाची, वृद्धांना कसे जपायचे, याचा निर्णय भीती पोहोचण्याआधी झाला असेल, तर रस्ता अडवण्याची वेळ येणार नाही. आगोटीची बेगमी पावसाआधी होते. ही बेगमीही तशीच आधी करायची आहे.